तारे नकोत, इशारा हवा : अन्न सुरक्षा प्राधिकरणाला एका किराणा दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण (एफएसएसएआय),
नवी दिल्ली

विषय : पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या दर्शनी बाजूवर इशारा छापण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी कऱ्हाडमध्ये गेली एकोणीस वर्षं किराणा दुकान चालवते. तुमच्या प्राधिकरणाचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक माझ्या गल्ल्यामागे, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावलेला आहे. तेव्हा हे पत्र बाहेरच्या कुणाचं नाही. तुमच्याच यादीतल्या एका दुकानदाराचं आहे, आणि मधुमेहाने नजर अधू झालेल्या एका माणसाच्या बायकोचंही आहे. पत्र तुम्हाला लिहितेय, पण ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहितेय.

सप्टेंबर २०२२ मध्ये तुम्ही एक मसुदा काढलात. पाकिटाच्या पुढच्या बाजूला अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे छापायचे, जितके तारे जास्त तितका पदार्थ चांगला, अशी ती कल्पना. त्यावर चौदा हजारांहून जास्त हरकती आणि सूचना तुमच्याकडे आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितलं, की तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात. ते तीन महिने जुलैत संपले, मग मुदत वाढली. आज डिसेंबर उजाडलाय. माझ्या फळीवरच्या एकाही पाकिटाच्या पुढच्या बाजूवर आत साखर किती, मीठ किती, चरबी किती हे ठळकपणे सांगणारी खूण नाही. तीन वर्षं गप्प बसले. आता बसवत नाही.

माणूस खाण्याची वस्तू निवडतो कशी, हे आधी सांगते. कारण सगळा घोळ तिथेच आहे.

शाळा सुटली की पोरं दुकानावर धावत येतात. सहा-सात वर्षांचं पोर पाच रुपयांचं नाणं मुठीत धरून उभं राहतं. त्याला निवडायला वेळ लागतच नाही. नाणं गल्ल्यावर वाजायच्या आधी बोट वर गेलेलं असतं, आणि ते जातं नाकासमोर लटकणाऱ्या चकचकीत लडीकडे. ती लडी तिथे आपोआप आलेली नाही. माल घेऊन येणारा सेल्समन मला दर वेळी सांगतो, "ताई, ही लडी खाली सोडा, पोरांच्या हाताला लागली पाहिजे." खाली सोडली तर स्कीम मिळते, बॉक्समागे दोन पाकिटं जास्त. थंड पेयाचा फ्रीज कंपनीचा आहे, तो दारातच ठेवायचा आणि त्यात वरच्या दोन फळ्यांवर दुसरं काही ठेवायचं नाही, अशी अट आहे. पाकिटाचा रंग, उघडताना होणारा कर्रर् आवाज, पाच रुपये ही किंमत, आत निघणारं स्टिकर, यातलं काहीही सहज सुचलेलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, चॉकलेट, नमकीन, नूडल्स यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. तेव्हा पाच रुपयांच्या पाकिटाची किंमत पाचच राहिली आणि बऱ्याच पाकिटांचं वजन वाढलं. पोराच्या मुठीत एक नाणं असतं, ते हिशेबात धरूनच सगळं ठरतं. आणि पोर ग्रॅम मोजून थांबत नाही, पाकीट संपलं की थांबतं.

ज्यांना विकायचं आहे त्यांनी माणसाच्या मनाचा असा बोटाबोटाने विचार केलेला आहे. ज्यांनी राखण करायची ते मात्र अजून असं धरून चालले आहेत, की गिऱ्हाईक पाकीट उलटं करील, मागचा तक्ता वाचील, शंभर ग्रॅमचा आकडा आपल्या पाकिटाच्या वजनाला लावील, दिवसभराच्या गरजेशी ताडून पाहील आणि मग ठरवील.

माझ्या बहिणीची मुलगी कोल्हापुरात मानसशास्त्रात एम.ए. करते. दिवाळीच्या सुट्टीत ती दोन दिवस माझ्या गल्ल्यावर बसली आणि नुसतं बघत राहिली. पाकीट उलटं करून पाहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी निघाली, आणि तीही तारीख नाहीतर किंमत बघत होती. रात्री शटर ओढताना मी सहज म्हणाले, लोकांना कळतं पण वळत नाही. तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, "मावशी, हे म्हटलं की सगळा दोष माणसावर जातो. कळणं आणि करणं यांच्या मधे रस्ता असतो. त्या रस्त्यात वेळ असतो, पैसा असतो, सवय असते, थकवा असतो, शेजारचं पोर काय खातंय तेही असतं. त्या रस्त्यावर कुणी काही उभं केलंय का, ते विचार."

तेव्हापासून मी गिऱ्हाइकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. सकाळी साडेसहाला एमआयडीसीच्या पाळीला निघालेली बाई मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवते, कारण पोळी लाटायला तिला पाऊण तास लागला असता आणि तिची गाडी सहा चाळीसला येते. आजी नातवाला लडीतलं पाकीट घेऊन देते, कारण तिला माया दाखवायला दुसरं काही उरलेलं नाही, नातू तिच्या हातची भाकरी खात नाही. मुलगी आईला म्हणते, डब्यात भाकरी देऊ नकोस, सगळ्या हसतात. यातल्या कुणालाही आरोग्य नको आहे असं नाही. साखर वाईट हे त्या बाईला माहीत आहे, आजीला तर स्वतःलाच शुगर आहे. तुमच्या 'ईट राइट इंडिया'मधून, 'आज से थोडा कम'सारख्या जाहिरातींमधून जे सांगितलं जातं ते चुकीचं नाही. पण उपदेश घरी टीव्हीसमोर होतो, आणि निवड माझ्या दुकानात, गर्दीत, तीन-चार सेकंदांत होते. त्या तीन-चार सेकंदांत डोळ्यांना जे दिसतं तेवढंच उपयोगी पडतं.

आता घरचं सांगते.

माझे यजमान त्रेचाळीस वर्षांचे असताना त्यांना मधुमेह निघाला. अंगाने काटकुळे. रिपोर्ट आला तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांचं एकच म्हणणं, "ह्यांना कसली शुगर, हाडाला कातडं चिकटलंय." आम्हालाही तसंच वाटलं, आणि त्यामुळे आम्ही पहिली दोन वर्षं ते फारसं मनावर घेतलं नाही. नंतर कळलं, की हा गैरसमज पुण्यातच संशोधनाने खोडून निघालेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. आपली बाळं वजनाला कमी भरतात, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त घेऊन येतात, हे त्यातून पुढे आलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडचा बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असेलच असं नाही. पण जो बारीक आहे त्याला वाटतं, इशारे जाड माणसांसाठी असतात. माझ्या यजमानांना तसंच वाटलं.

तरी त्यांनी मनापासून एक गोष्ट केली. चहातली साखर सोडली. ज्या माणसाने आयुष्यभर दोन चमचे साखरेचा चहा घेतला त्याने एका दिवसात ती सोडली, आणि त्याचा मला अभिमान आहे. चहाबरोबर काहीतरी हवं म्हणून त्यांनी आपल्याच दुकानातलं तपकिरी पाकीट निवडलं. त्यावर गव्हाची ओंबी होती, तंतूंचा (फायबरचा) उल्लेख होता, पचनाचा उल्लेख होता. सकाळी चार, संध्याकाळी चार. साखर सोडलीय म्हणून मन निर्धास्त, आणि पाकिटावर ओंबी आहे म्हणून आणखी निर्धास्त. असं तीन वर्षं चाललं. त्या पाकिटाच्या मागे काय लिहिलंय ते बहिणीच्या मुलीने मला मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा मी गल्ल्यावरच खाली बसले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा तुमचाच नियम आहे. पहिला मैदा होता. मग तेल. मग गव्हाचं पीठ. मग साखर, आणि पुढे दुसऱ्या नावाने पुन्हा साखर.

यजमानांनी वाचलं का नाही, असं कुणी विचारील. अक्षर तिळाएवढं, तेही इंग्रजीत. आणि तोवर मधुमेहाने त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब व्हायला लागला होता. ज्या माणसाला ती माहिती सगळ्यांत जास्त लागत होती, त्यालाच ती दिसत नव्हती. पाकिटावरची ओंबी मात्र त्यांना आजही दिसते, ती मोठी आहे.

त्या माणसाने हलगर्जीपणा केला असं मी कुणाला म्हणू देणार नाही. त्याने योग्य तेच करायचं ठरवलं होतं, ते निभावलंही होतं, आणि एका चित्राने त्याला फसवलं. अशी माणसं किती असतील? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे, की देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातले कितीतरी जण आज संध्याकाळी चहाबरोबर असंच एखादं 'चांगलं' पाकीट फोडणार आहेत.

नावाने माणूस फसतो हे तुम्हाला पटलेलं आहे. 'हेल्थ ड्रिंक' अशी वर्गवारी कायद्यात नाही, असं तुम्ही एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलंत. त्याच वर्षी जूनमध्ये डब्यातल्या फळरसावरचा '१०० टक्के' हा दावा काढायला लावलात. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'ओआरएस' (जुलाबात द्यायची जलसंजीवनी) हे नाव गोड पेयांवरून काढायचा आदेश दिलात. त्या शेवटच्या आदेशासाठी हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं भांडल्या. जुलाबाने सुकलेल्या बाळाला आई जे पाजत होती त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या मापापेक्षा, म्हणजे लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोजपेक्षा, कितीतरी पट साखर होती. ही तिन्ही पावलं बरोबर होती आणि त्यासाठी मी मनापासून आभार मानते. पण दर वेळी एकेक नाव धरून काढायचं ठरवलं तर प्रत्येक नावाला आठ वर्षं लागतील. नाव बदललं तरी खरं सांगणारी एक खूण पाकिटावर कायम असावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि म्हणूनच ताऱ्यांना माझा विरोध आहे.

तारा ही आपल्याकडे शाबासकी आहे. बाई वहीवर तारा काढतात तो चांगल्या अक्षराला. हॉटेल चांगलं असेल तर पंचतारांकित म्हणतात. ज्या पदार्थाला कमीत कमी गुण मिळतील त्याच्यावरसुद्धा अर्धा तारा असणारच, आणि माझ्या दुकानातलं पोर तो अर्धा ताराही बक्षीस म्हणूनच वाचणार. सेल्समन तर मला सांगेल, "ताई, दोन तारेवालं आलंय, पुढे लावा." शून्याच्या खालची, नको म्हणणारी गोष्ट ताऱ्याला बोलताच येत नाही.

दुसरा दोष त्याहून मोठा आहे. तुमच्या मसुद्यात साखर, मीठ, चरबीचे गुण वजा होतात आणि फळं, सुकामेवा, कडधान्य, तंतू, प्रथिनं यांचे गुण जमा होतात, मग सगळं मिळून एक आकडा. म्हणजे साखर तेवढीच ठेवायची आणि वरून थोडे तंतू, थोडी प्रथिनांची भुकटी घालायची, की तारा वाढला. माझ्या यजमानांचं पाकीट नेमकं असंच होतं. त्यात तंतू होते हे खोटं नव्हतं. पण तंतू असल्याने साखर रक्तात जायची थांबली नाही. किराणा दुकानदाराला हिशेब कळतो. उधारी आणि जमा एकाच रकान्यात मिसळून मी गिऱ्हाइकाला नुसती बेरीज दाखवली तर ते वही माझ्या तोंडावर फेकील. शिवाय मसुद्यात पहिली चार वर्षं हे सगळं ऐच्छिक होतं. ऐच्छिक ठेवलं तर पाच तारे मिळणारे छापतील आणि अर्धा मिळणारे छापणार नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ समिती लागत नाही.

साधी खूण काम करते याचा पुरावा तुमच्याच घरात आहे. हिरवा ठिपका. वीस वर्षांहून जास्त काळ तो प्रत्येक पाकिटावर आहे. माझ्या दुकानात येणाऱ्या, सहीऐवजी अंगठा देणाऱ्या म्हाताऱ्या बायका तो ठिपका बघून पाकीट घेतात. पाच वर्षांचं पोर तो ओळखतं. त्याला तक्ता लागत नाही, इंग्रजी लागत नाही, चष्माही फारसा लागत नाही. आपल्या देशात खाण्याच्या वस्तूवर खूण कशी असावी याचं इतकं चांगलं उदाहरण असताना आपण तारे मोजायला का निघालो, हे मला खरोखर कळत नाही.

चिली देशाने जून २०१६ पासून असंच केलं. साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असतील तर पाकिटावर काळा अष्टकोन, आत दोन-तीन शब्द : यात साखर जास्त आहे. दोन गोष्टी जास्त असतील तर दोन अष्टकोन. जोडीला अशा पाकिटांवरची कार्टूनं काढली, शाळेत विक्री बंद केली, मुलांसाठीच्या जाहिरातींना लगाम घातला. पहिल्या दीड वर्षात अशा जास्त साखरेच्या पेयांची खरेदी साधारण चोवीस टक्क्यांनी घटली. ती सगळी घट एकट्या अष्टकोनामुळे झाली असं म्हणता येणार नाही, सगळे उपाय एकत्र होते. पण मला त्यातली एक गोष्ट फार भावली. तिथल्या आयांनी संशोधकांना सांगितलं, की पोरंच आता दुकानात म्हणतात, हे नको, याच्यावर काळं आहे, बाईंनी शाळेत सांगितलंय. आणि कंपन्यांनी अष्टकोन चुकवायला स्वतःहून साखर आणि मीठ कमी केलं. म्हणजे ज्याने पाकीट बघितलंच नाही त्याचाही फायदा झाला. पुढे मेक्सिकोनेही २०२० मध्ये हीच वाट धरली.

याच्या विरोधात जे बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे. लोक घाबरतील, असं म्हणतात. मी बिस्किटाला तंबाखू म्हणत नाही. तंबाखूच्या पुडीवर पंच्याऐंशी टक्के जागेवर चित्रासह इशारा असतो, तसं काही मी मागत नाही. एक ठळक आकार आणि तीन शब्द मागतेय. आपले पारंपरिक पदार्थ बदनाम होतील, असंही म्हणतात. माझ्या दुकानात बचत गटाचे पापड आहेत, आमच्या घरचं कैरीचं लोणचं आहे. मीठ जास्त असेल तर त्याच्यावरही खूण येऊ दे. लोणचं फोडीभर खायचं असतं हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, खुणेने ते बदलत नाही. फक्त छोट्या गटांना खूण छापून घ्यायला थोडी जास्त मुदत द्या. सुट्टा फरसाण आणि कोपऱ्यावरचा वडापाव यांच्यावर खूण येणार नाही, हेही खरं. सगळं एका उपायाने सुटेल असं मी म्हणतच नाही.

आणि माझा गल्ला? संध्याकाळच्या गल्ल्यात लडीचा आणि थंड पेयाचा हिस्सा मोठा असतो. खूण आली तर माझी विक्री कमी होईल हे मला ठाऊक आहे. गेल्या जूनमध्ये मी स्वतः एक करून पाहिलं. पुढच्या लड्या काढून मागच्या भिंतीला लावल्या आणि पोरांच्या नजरेसमोर फुटाणे, शेंगदाणे यांच्या पाच रुपयांच्या पुड्या आणि केळ्यांचा घड ठेवला. काही पोरांनी खरंच त्याच घेतल्या, कारण त्याच हाताशी होत्या. पहिल्या आठवड्यात केळी उरली, नंतर रोजची दोन डझन खपायला लागली. एक मुलगी तर रोज फुटाणे मागते, तिला ती चव लागली. पण बाकीची पोरं दहा पावलं पुढच्या दुकानात गेली, तिथे लड्या पुढेच होत्या. सेल्समनने माझी स्कीम बंद केली. दोन महिन्यांनी निम्म्या लड्या मी परत पुढे आणल्या. घराचा हप्ता आहे, डोळ्यांची इंजेक्शनं आहेत. एकट्या दुकानदाराचा चांगुलपणा शेजारच्या दुकानापर्यंत टिकतो. म्हणून नियम सगळ्यांना सारखा हवा, आणि तो पाकिटावर छापलेला हवा.

नियमावरून आठवलं. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ मुलांना विकायचे नाहीत, असा तुमचा २०२० चा नियम आहे. माझं दुकान शाळेच्या फाटकापासून चाळीस पावलांवर आहे. हा नियम मला उशिरा कळला, पण कळल्यापासून मी तो पाळायला तयार आहे. पण कोणतं पाकीट त्यात बसतं आणि कोणतं नाही, हे मी ओळखायचं कसं? पाकीट ते सांगत नाही. सेल्समन म्हणतो, आमचं तर भाजलेलं आहे, तळलेलं नाही. दुसरा म्हणतो, आमच्यात ज्वारी आहे. खूण नसेल तर हा नियम पाळणाऱ्यालाही पाळता येत नाही आणि मोडणाऱ्याला पकडताही येत नाही. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, कशात किती चमचे साखर ते मुलांना दाखवायला. फार चांगलं केलं. आता मुलं फलक बघून बाहेर येतात आणि माझ्या दारात उभी राहतात, तिथे त्या फलकाशी जुळणारं पाकिटावर काहीच नसतं. शाळेत शिकवलेला धडा फाटकाबाहेर चाळीस पावलांवर तुटतो.

तेव्हा माझ्या मागण्या लिहिते. त्या साध्या आहेत.

ताऱ्यांची कल्पना पूर्णपणे सोडली, असं जाहीर करा.

साखर, मीठ, संपृक्त चरबी यांची प्रत्येकी मर्यादा ग्रॅममध्ये ठरवा, शंभर ग्रॅम किंवा शंभर मिलीमागे. मर्यादा ओलांडली की पाकिटाच्या पुढच्या बाजूला, वरच्या भागात, ठळक आकाराची खूण. त्यात राज्याच्या भाषेत शब्द. महाराष्ट्रात 'साखर जास्त' असं मराठीत. आज पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी कायद्याला चालतो, या खुणेपुरतं तरी ते बदला. जमा आणि वजा यांची बेरीज नको. साखर जास्त असेल तर साखर जास्त, तंतू कितीही असोत.

ज्या पाकिटावर ही खूण असेल त्यावर ओंबी, हृदय, डॉक्टर, धावणारं मूल, 'पौष्टिक', 'ताकद', 'पचनाला चांगलं' यातलं काहीही नको. कार्टून नको, आत स्टिकर आणि खेळणं नको. दोन्ही एकत्र ठेवलंत तर माणूस चित्रावर विश्वास ठेवील, हे मी माझ्या घरात पाहिलेलं आहे.

पन्नास मीटरचा नियम याच खुणेला जोडा आणि त्याचं एक पानी पत्रक मराठीतून प्रत्येक नोंदणीधारक दुकानदाराला पाठवा. आमचे पत्ते तुमच्याकडे आहेत.

तज्ज्ञ समितीने आतापर्यंत काय शिफारस केली, बैठकांत कोण होतं, कुणी काय हरकत घेतली, हे प्रसिद्ध करा. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि चरबीचे आकडे मोठ्या, ठळक अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव तुम्ही मान्य केला होतात, त्याचं पुढे काय झालं तेही सांगा. आणि समितीत उत्पादकांची बाजू ऐकली जात असेल तर आशा सेविका, शाळेतल्या बाई, माझ्यासारखे दुकानदार आणि मधुमेह झालेली माणसं यांनाही बोलवा. मी येईन. दुकान बहिणीची मुलगी सांभाळील, तिने तसं कबूल केलंय.

शेवटची मागणी तारखेची आहे. ऐच्छिक मुदत नको, टप्प्याटप्प्याने विचार करू असं नको. अमुक तारखेनंतर खुणेशिवाय पाकीट कारखान्याबाहेर पडणार नाही, अशी एक तारीख कळवा. ती आली की माझ्या दुकानाच्या दर्शनी फळीवर खडूने लिहून ठेवीन. यजमानांना मोठं अक्षर अजून वाचता येतं.

आपली,
एक किराणा दुकानदार
कऱ्हाड, जि. सातारा
डिसेंबर २०२५